घरांतील मुंग्या : ओळख आणि बंदोबस्त

(नभोवाणीवरील भाषण)



घरांतील उपद्रवी प्राण्यांची यादी करावयास कोणी बसला, तर उंदीर, झुरळें, ढेकूण आणि डांस यांचीं नांवें प्रथम घेतलीं जातील. मुंगीचें नांव बहुधा शेवटीं येईल, किंवा येणारहि नाहीं. मुंगी म्हणजे उद्योगाचा आदर्श, हें लहानपणापासून आपल्या कानांवर पडत आलेलें असतें. कित्येक घरांत तर सकाळीं झाडाच्या बुंध्याशीं मुंग्यांना चिमूटभर साखर किंवा पीठ घालण्याचा नेम आहे. परंतु हीच मुंगी दुधाच्या पातेल्यांत पडली, साखरेच्या डब्यांत शिरली, किंवा तान्ह्या मुलाच्या पाळण्यांत चढली, म्हणजे आदर्शाचा विसर पडतो. मग फडकें, केरसुणी, रॉकेल, विषारी फवारा, जें हातीं सांपडेल तें घेऊन घरांतील मंडळी तिच्यावर तुटून पडतात. ओळ पुसली जाते, घटकाभर समाधान वाटतें, आणि दुसऱ्या दिवशीं तीच ओळ दुसऱ्या फटींतून निघालेली दिसते.

असें कां होतें, हें सांगणें हा आजच्या भाषणाचा हेतु आहे. थोडक्यांत सांगावयाचें तर, आपण लढतों ओळीशीं आणि मुंग्या राहतात बिळांत. शिवाय घरांत येणाऱ्या सर्व मुंग्या एका जातीच्या नसतात. एका जातीला लागू पडणारा उपाय दुसऱ्या जातीच्या बाबतींत नुसता निरुपयोगीच नव्हे, तर कधीं कधीं उलट त्यांची संख्या वाढविणारा ठरतो. म्हणून आधीं ओळख आणि मग उपाय, हा क्रम पाळला पाहिजे.

मुंग्यांची शास्त्रीय ओळख करून घेण्याचें काम आपल्या देशांत नवें नाहीं. जर्डन या शास्त्रज्ञांनीं दक्षिण हिंदुस्थानांतील मुंग्यांची यादी १८५१ सालीं प्रसिद्ध केली. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांतील अधिकारी रॉटन यांनीं १८९२ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत येथील मुंग्यांवर विस्तारानें लिहिलें, आणि १९०३ सालीं बिंगहॅम यांचा मोठा वर्णनग्रंथ निघाला. आज भारतांत मुंग्यांच्या ८०० हून अधिक जातींची नोंद आहे. इतकी मोठी संख्या ऐकून दचकण्याचें कारण नाहीं. यांपैकीं आपल्या स्वयंपाकघराची वाट धरणाऱ्या जाती हाताच्या बोटांवर मोजतां येतील एवढ्याच आहेत.

त्यांची ओळख करून घेण्यापूर्वीं मुंग्यांच्या संसाराविषयीं तीन गोष्टी लक्षांत घेतल्या पाहिजेत, कारण पुढील सर्व उपाय या तीन गोष्टींवर उभे आहेत.

पहिली गोष्ट कुटुंबाची. मुंग्यांचें बीळ म्हणजे एक मोठें एकत्र कुटुंब. त्यांत जातीपरत्वें एक किंवा अनेक राण्या असतात, आणि अंडीं घालणें हेंच त्यांचें मुख्य काम. ओट्यावर आपणांस दिसतात त्या सर्व कामकरी मुंग्या. त्या माद्याच असतात. अंड्यांतून बिनपायांची पांढरी अळी निघते, अळीचा कोश होतो आणि कोशांतून मुंगी बाहेर पडते. पावसाळ्याच्या तोंडाशीं मुंग्या पांढरे दाणे तोंडांत धरून भिंत चढतांना दिसतात. आपण त्यांना अंडीं म्हणतों. वास्तविक त्यांतील बहुतेक दाणे म्हणजे अळ्या व कोश होत. मुंग्यांचें हें स्थलांतर पावसाचें चिन्ह आहे, ही गोष्ट सहाव्या शतकांतील वराहमिहिरानेंहि आपल्या बृहत्संहितेंत नमूद केली आहे. जमिनींतील बिळें ओलीं होऊं लागलीं म्हणजे मुंग्यांना कोरडी जागा शोधावी लागते, आणि माणसाच्या घराइतकी कोरडी जागा त्यांना दुसरी कोठें मिळणार? तात्पर्य, ओट्यावरील ओळ ही त्या कुटुंबाची बाजारहाटास निघालेली मंडळी होय. राणी, पिलें आणि बहुतेक कामकरी मुंग्या आंतच असतात. बाजारांत गेलेलीं दहा माणसें परत आलीं नाहींत, तर घर त्यामुळें ओस पडत नाहीं; दुसरीं दहा बाहेर पडतात.

दुसरी गोष्ट जेवणाची. मोठ्या मुंगीला घन पदार्थ गिळतां येत नाहींत. ती रस पिते. हा रस ती सगळाच स्वतः पचवीत नाहीं. जठराच्या अलीकडे एक पिशवी असते, तींत तो सांठवून ती बिळांत परतते, आणि भुकेल्या बहिणींना तोंडाला तोंड लावून पाजते. अशा रीतीनें एकीनें प्यालेला थेंब अनेकींच्या तोंडीं जातो, आणि शेवटीं राणीपर्यंत व अळ्यांपर्यंत पोंचतो. आपणां माणसांच्या दृष्टीनें मुंग्यांच्या किल्ल्याला असलेलें हें एकच उघडें दार आहे. त्याचा उपयोग पुढें सांगणार आहें.

तिसरी गोष्ट वाटेची. अन्न सांपडलेली मुंगी परततांना पोटाचें टोंक जमिनीला टेंकवीत जाते, आणि मागें एका गंधयुक्त द्रव्याची रेघ ठेवते. इतर मुंग्या तिच्यावरून चालतात व ती अधिक ठळक करतात. अमेरिकेंतील एडवर्ड विल्सन या शास्त्रज्ञानें १९५९ सालीं लाल आगमुंगीच्या पोटांतील ज्या ग्रंथींतून हें द्रव्य येतें ती शोधून काढली, तिच्या अर्काची रेघ कांचेवर ओढली, आणि मुंग्यांना त्या रेघेवरून चालावयास लावून दाखविलें. म्हणून नुसत्या कोरड्या फडक्यानें मुंग्या झटकल्या तरी त्यांचा रस्ता शिल्लक राहतो. साबणाच्या पाण्यानें जागा पुसली म्हणजे मात्र रस्ताहि नाहींसा होतो.

आतां ओळखीकडे वळूं. यासाठीं फारशी सामग्री नको. पांढरा कागद, एक साधें भिंग आणि पारदर्शक चिकटपट्टी एवढें पुरे. पट्टीवर दोन-तीन मुंग्या चिकटवून त्या कागदावर लावाव्या आणि उजेडांत पाहाव्या. आकार, रंग, चाल आणि कंबर या चार गोष्टी पाहावयाच्या. मुंगीच्या छातीच्या व पोटाच्या मध्यें जी बारीक कंबर असते, तिच्यावर एक किंवा दोन गांठी असतात. आपल्या घरांत येणाऱ्या मुंग्यांपैकीं ज्यांना दोन गांठी असतात त्यांना नांगी असते, हें ध्यानांत ठेवावें.

सर्वांच्या परिचयाची पहिली म्हणजे काळी धांवरी मुंगी. लांबी सुमारें तीन मिलिमीटर, रंग करडा-काळा, पाय व मिशा शरीराच्या मानानें फारच लांब. हिची खूण म्हणजे हिची चाल. ती सरळ जात नाहीं; एकदां इकडे, एकदां तिकडे अशी वेड्यासारखी धांवते. हिचें घर बहुधा बाहेर, कुंडीखालीं, विटांच्या ढिगाखालीं किंवा केरांत असतें. ही नांगी मारीत नाहीं. उपद्रव काय तो अन्नाचा.

दुसरी, अगदीं बारीक, दीड मिलिमीटर लांबीची. डोकें काळसर आणि पोट व पाय दुधाळ, इतके फिकट कीं पांढऱ्या फरशीवर नुसते काळे ठिपके सरकत असल्याचा भास होतो. बोटानें चिरडली असतां खवट खोबऱ्यासारखा वास येतो. मोरीच्या आसपास, नळाच्या ओलसर भिंतींत, कुंड्यांच्या मातींत ही राहते. गोड पदार्थांवर हिचा विशेष लोभ.

तिसरी, पिवळसर-तांबूस, दोन मिलिमीटर लांबीची, पोटाचें टोंक काहींसें गडद. हिला फॅरोची मुंगी म्हणतात. लिनियसनें १७५८ सालींच हिला फॅरोवरून नांव दिलें. ही सावकाश, शिस्तीनें, एका ओळींत चालते. विजेच्या बटणांच्या पेटींत, चौकटीच्या फटींत, घडी घातलेल्या कपड्यांत, कोठेंहि उबदार कोंपरा मिळाला कीं संसार थाटते. साखर हिला आवडतेच. परंतु तूप, अंडें, मांस यांवरहि ती तुटून पडते. हिच्याविषयीं विशेष सावध राहण्याचें कारण निराळेंच आहे. जखमांवरील पट्ट्या, मोऱ्या आणि अन्न या तिहींवर ती सारख्याच सहजतेनें फिरते. ब्रिटनमधील रुग्णालयांत या मुंग्यांच्या अंगावर रोगजंतु सांपडल्याचा वृत्तांत १९७२ सालीं एका प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकांत आला होता. घरांत अंथरुणाला खिळलेला रुग्ण किंवा तान्हें मूल असेल, तर या मुंगीची ओळ क्षुल्लक समजूं नये.

चौथी हिच्यासारखीच पिवळी, परंतु पोट स्पष्टपणें गडद, आणि एकाच ओळींत लहानमोठ्या मुंग्या मिसळलेल्या. जर्डन यांनीं १८५१ च्या आपल्या यादींत हिला ‘विध्वंसक’ या अर्थाचें नांव दिलें, आणि तें सार्थ आहे. ही कापड व रबर कुरतडते, आणि विजेच्या तारांवरील वेष्टणहि सोडीत नाहीं. बटणांच्या पेटींतून ही मुंगी निघत असेल, तर प्रथम वीज बंद करून जाणत्या कारागिराकडून तारा तपासून घ्याव्या.

पांचवी लाल मुंगी. अंगणांत, फरशीच्या सांध्यांत, भुसभुशीत मातीची रास करून राहणारी. हिच्यांत लहान कामकऱ्यांबरोबर मोठ्या डोक्याच्याहि कांहीं असतात. पाय चुकून बिळावर पडला तर एकदम अनेकजणी चढतात आणि आग होते.

सहावा मुंगळा, मोठा, काळा, पुष्कळदां एक सेंटिमीटरहून लांब, कंबरेवर एकच गांठ. त्याला नांगी नसते. जबड्यानें मात्र चांगलाच चावतो. त्याचें घर बागेंत झाडाच्या मुळाशीं असतें व घरांत तो पाहुणा म्हणून येतो. गुळाच्या ढेपेवर तो दिसला तर ढेप झांकावी. पाहुणा आपोआप निघून जातो.

येथें एका तोतयाचाहि उल्लेख केला पाहिजे. वाळवीला कित्येक लोक पांढरी मुंगी म्हणतात; परंतु ती मुंगी नव्हे. तिचें नातें झुरळांशीं आहे. पहिल्या पावसांत दिव्याभोंवतीं पंखवाले किडे जमतात, त्या वेळीं हा भेद अवश्य पाहावा. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोंपरासारख्या वांकलेल्या, आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे. वाळवीला कंबर अशी नसतेच, मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या, आणि चारहि पंख सारखे. मुंगीला पंख फुटले कीं तिचें मरण जवळ आलें, अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि ती पुष्कळशी खरी आहे. हे पंखवाले म्हणजे लग्नाला निघालेले नर आणि तरुण राण्या. नर लवकरच मरतात आणि राण्यांपैकीं बहुतेक पक्ष्यांच्या भक्ष्यस्थानीं पडतात. वांचते ती एखादी नवें घर वसविते. मुंग्यांचे पंख सांपडले तर घाबरण्याचें कारण नाहीं. वाळवीचे सांपडले तर मात्र लांकूडकाम त्वरित तपासावें.

ओळख झाली. आतां उपायांपैकीं आधीं जे करूं नयेत ते सांगतों.

आमच्याच इमारतींतील एका बिऱ्हाडीं नवें बाळ आलें होतें. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बारीक पिवळ्या मुंग्यांची एकच ओळ होती. बाळाच्या काळजीनें घरच्या मंडळींनीं कीटकनाशकाचा फवारा आणून भिंत न्हाऊं घातली. दोन दिवस शांतता झाली. आठवड्यानें मुंग्या न्हाणीघरांत निघाल्या, मग देवघरांत, आणि शेवटीं पाळण्याच्या दोरीवर. वरच्या मजल्यावरील लोकहि तक्रार करूं लागले. त्यांना वाटलें, औषध खोटें निघालें. औषध खोटें नव्हतें. तें भलत्या मुंगीवर वापरलें गेलें होतें. फॅरोच्या मुंगीच्या बिळांत राण्या अनेक असतात. संकटाचा वास येतांच कामकरी मुंग्या अळ्या व कोश उचलून, राण्यांना घेऊन, निरनिराळ्या दिशांना पांगतात आणि एका घराचीं चार घरें होतात. एकत्र कुटुंबाची वांटणी व्हावी तसाच हा प्रकार; फरक इतकाच कीं, या वांटणींत कोणीहि गरीब होत नाहीं. बरोबर राणी नसली तरी नेलेल्या पिलांतून नवी राणी वाढवितां येते. फिकट पोटाच्या दुसऱ्या जातीचीहि रीत अशीच आहे. म्हणून या दोन मुंग्यांवर फवारा मारूं नये, हा आजच्या भाषणांतील सर्वांत महत्त्वाचा नियम समजावा.

दुसरा निषेध विषारी खडूचा. बाजारांत मुंग्यांसाठीं मिळणारे खडू दिसावयास शाळेंतील खडूसारखेच असतात. पण त्यांत डेल्टामेथ्रिनसारखीं कृत्रिम कीटकनाशकें मिसळलेलीं असतात. ज्याचा जन्म फळ्यापुढें गेला, त्याला मुलांचा खडूशीं काय व्यवहार असतो तो पक्का ठाऊक असतो. हातांत खडू आला कीं मूल भिंतीवर रेघा ओढतें आणि दुसऱ्या क्षणीं बोट तोंडांत घालतें. लहान मुलांच्या घरांत हा खडू आणूंच नये. ओट्यावर, ताटांच्या मांडणीवर किंवा पिठाच्या डब्याजवळ तर कोणत्याहि घरीं त्याची रेघ नको.

तिसरा निषेध जुन्या पुडींचा. एके काळीं उंबरठ्यापाशीं गॅमेक्झिनची पूड सर्रास टाकीत असत. त्या पुडींतील बी. एच. सी. हें विष मातींत दीर्घकाळ टिकतें आणि प्राण्यांच्या चरबींत सांठतें. भारतांत १९९७ सालीं त्यावर बंदी आली. जुन्या घराच्या माळ्यावर अशा पुडीचा डबा पडलेला आढळल्यास तो उघडूं नये, मोरींत ओतूं नये. नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावा.

घरगुती उपायांची योग्यताहि एकदां मोजून ठेवूं. हळदीची रेघ, हिंगाची पूड, साखरेच्या डब्यांत टाकलेल्या लवंगा, फडताळांतील कापूर, हे सारे पहारेकरी आहेत. तीव्र वासामुळें आणि पुडीच्या अडथळ्यामुळें मुंगी कांहीं काळ वाट सोडते, आणि एखादा डबा सांभाळण्यास एवढें पुरेसें असतें. परंतु पहारेकऱ्यानें चोर मरत नाहीं, आणि वास उडाला कीं पहाराहि उठतो.

फडताळाच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी रीत याहून चांगली आहे. मात्र पाण्यावर धूळ जमून तिचा पूल होतो व त्यावरून मुंग्या पलीकडे जातात. म्हणून पाण्यांत साबणाचे चार थेंब टाकावे. दुसरी सावधगिरी याहूनहि मोठी आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा डांस अशाच लहानशा, स्वच्छ, सांठलेल्या पाण्यांत अंडीं घालतो, आणि आपल्या उष्ण हवेंत आठ-दहा दिवसांत त्यांतून नवे डांस उडतात. मुंगीपासून साखर वांचवितांना घरांत ताप आणणें हा व्यवहार तोट्याचा आहे. यासाठीं दर आठवड्याला ठराविक वारीं वाट्या रिकाम्या करून, आंतून घासून, मगच पुन्हां भराव्या. नुसतें पाणी बदलणें पुरत नाहीं, कारण अंडीं कडेला चिकटलेलीं असतात.

आतां खरा उपाय. मुंगीच्या किल्ल्याला एक उघडें दार आहे, असें मघां म्हटलें. एकीनें प्यालेला रस सर्वांना मिळतो. तेव्हां त्या रसांतच सावकाश काम करणारें विष अल्प प्रमाणांत दिलें, तर मुंग्या स्वतःच तें राणीपर्यंत नेऊन पोंचवितात. यासाठीं बोरिक आम्ल, म्हणजे औषधांच्या दुकानांत मिळणारी बोरिक पावडर, उपयोगी पडते. कॅरमच्या पटावर टाकण्याची म्हणून जी पावडर मिळते, ती मात्र निव्वळ बोरिकच असेल असें नाहीं. म्हणून वेष्टणावरील मजकूर वाचून घ्यावी. प्रमाण असें : शंभर मिलिलिटर कोमट पाणी, दहा ग्रॅम साखर म्हणजे चहाचे सपाट अडीच चमचे, आणि एक ग्रॅम बोरिक पावडर म्हणजे सपाट पाव चमचा. हें सर्व पूर्ण विरघळूं द्यावें. अमेरिकेंतील कीटकशास्त्रज्ञांनीं १९९० नंतरच्या दशकांत प्रयोगशाळेंत हें एक टक्क्याचें प्रमाण तपासून पाहिलें, आणि फॅरोची मुंगी व फिकट पोटाची मुंगी या दोन्ही जातींवर तें परिणामकारक ठरलें.

येथें माणसाचा स्वभाव आड येतो. एक चमचा गुणकारी, तर चार चमचे चौपट गुणकारी, असें आपणांस वाटतें. प्रकार उलटा होतो. विष जास्त झालें तर मुंगी तें पीतच नाहीं, किंवा पिऊन वाटेंतच मरते, आणि बिळांत थेंबहि पोंचत नाहीं. आपणांस त्या मुंगीला मारावयाचें नसून तिला सुखरूप घरीं पोंचवावयाचें आहे, हें पक्कें ध्यानांत धरावें.

या पाण्यांत कापसाचा बोळा भिजवून, झांकणाला बारीक छिद्रें पाडलेल्या एखाद्या छोट्या डबींत ठेवावा, आणि डबी ओळीच्या शेजारीं, परंतु मुलांचा व मांजर-कुत्र्यांचा हात वा तोंड पोंचणार नाहीं अशा जागीं ठेवावी. पहिल्या दिवशीं डबीवर मुंग्यांची जत्रा भरेल. घरांतील वडीलधारी मंडळी म्हणतील, हें काय, तुम्ही मुंग्यांना आमंत्रण दिलेंत! त्यांना धीर धरावयास सांगावें. एकहि मुंगी मारूं नये, ओळ पुसूं नये, जवळपास फवारा मारूं नये. दोन-तीन दिवसांनीं बोळा बदलावा; कारण पाणी उडून गेलें म्हणजे विषाचें प्रमाण वाढतें आणि मघांचाच दोष उत्पन्न होतो. साधारण दोन-तीन आठवडे, कधीं अधिकहि, हा क्रम चालवावा लागतो. ज्या इमारतींत अनेक बिऱ्हाडांत मुंग्या आहेत, तेथें सर्वांनीं एकाच वेळीं हा उपाय करावा. नाहीं तर एका घरीं संपलेल्या मुंग्या दुसऱ्या घरांतून पुन्हां येतात.

साखरेचें हें पाणी दिसावयास साध्या पाण्यासारखेंच असतें. म्हणून तें पिण्याच्या भांड्यांत किंवा सरबताच्या बाटलींत कधींहि ठेवूं नये, बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘विष’ असें लिहावें, आणि चमचा वेगळा ठेवावा. बोरिक आम्ल पोटांत जाणें तान्ह्या मुलांना विशेष घातक आहे. चुकून कोणी प्यालें, तर घरगुती उलटीच्या भरीस न पडतां पुडकें बरोबर घेऊन त्वरित रुग्णालय गांठावें.

मुंग्या साखरेकडे ढुंकूनहि पाहत नसतील, तर कागदावर एका बाजूस साखरेच्या पाण्याचा थेंब आणि दुसऱ्या बाजूस शेंगदाण्याचें तेलकट कूट ठेवून त्यांची आवड पाहावी. स्निग्ध पदार्थांकडे कल दिसल्यास बाजारांत मिळणारें, त्या प्रकारचें तयार आमिष वेष्टणावरील सूचना पाळून वापरावें.

लाल मुंगीच्या अंगणांतील बिळावर भरपूर उकळतें पाणी ओतणें हा उपाय पुष्कळदां लागू पडतो. राणी खोल असल्यास तो पुन्हां करावा लागतो. झाडांच्या मुळांना आणि आपल्या पायांना जपून करावा. धांवऱ्या मुंगीसाठीं कुंड्या हलविणें, विटांचे ढीग उचलणें आणि केर साफ करणें एवढ्यानेंच निम्मे काम होतें. गच्चींतील जास्वंदीवर किंवा तुळशीवर मुंग्या चढत असतील, तर पानांच्या मागें मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे का, तें पाहावें. ते किडे गोड रस सोडतात आणि मुंग्या त्यासाठींच जातात. साबणाच्या सौम्य पाण्यानें ते धुऊन काढले कीं मुंग्यांचें तेथील काम संपतें.

मुंग्या पूर्ण थांबल्यावर, आधीं नव्हे, भिंतींतील फटी, नळाभोंवतींचीं भोकें आणि फरशीचे सांधे पांढऱ्या सिमेंटनें बुजवून घ्यावे. नळाची गळती दुरुस्त करावी. साखर, गूळ आणि पीठ घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें. उष्टीं भांडीं आणि केराची बादली रात्रभर तशीच राहूं देऊं नये. हे नियम नवे नाहींत. आपल्या आज्या-पणज्यांनीं ते मुंगीशास्त्र न शिकतांच पाळले होते.

दंशाविषयीं दोन शब्द. मुंगीच्या दंशांत फॉर्मिक आम्ल असतें, म्हणून खाण्याचा सोडा लावावा, असें शालेय पुस्तकांतून सांगितलेलें असतें. मुंगळ्याच्या बाबतींत आम्लाची गोष्ट खरी आहे. परंतु लाल आगमुंगीच्या विषाचा मुख्य भाग आम्ल नसून अल्कलॉइड जातीचीं द्रव्यें आहेत. तेथें सोड्यापासून विशेष लाभ नाहीं. मुंग्या झटकून जागा साबणानें धुवावी, थंड पाण्याची घडी ठेवावी, आणि उठलेला फोड फोडूं नये. दंशानंतर श्वास लागला, तोंडावर सूज आली किंवा भोंवळ आली, तर एक क्षणहि न दवडतां रुग्णालयांत न्यावें. अशी प्रतिक्रिया क्वचित् येते, पण ती प्राणावर बेतूं शकते.

शेवटीं एका शंकेचा विचार करूं. मुंगीला साखर घालणाऱ्या घरांत असा संहार योग्य काय? माझें म्हणणें असें कीं, मुंगीशीं आपलें वैर नाहीं. ती माती भुसभुशीत करते, मेलेले किडे उचलून नेते, वाळवीचीहि शिकार करते. बागेंतील मुंगीला बागेंत राहूं द्यावें, आणि साखर घालावयाची ती उंबरठ्यापासून दूर, झाडाखालीं घालावी. स्वयंपाकघर, पाळणा आणि रुग्णाची खाट या तीन जागा मात्र तिच्या नव्हेत. तेथून तिला दूर ठेवण्यासाठीं आधीं स्वच्छता, मग अडथळा, आणि गरज पडली तरच विष, तेंहि थोडें आणि ज्याचें त्याला, असा क्रम ठेवला, तर संहारहि कमींत कमी होतो. विचार न करतां मारलेल्या फवाऱ्यानें मुंग्या अधिक मरतात, घरांत विष अधिक पसरतें, आणि मुंग्या जातहि नाहींत.

तेव्हां यापुढें ओट्यावर ओळ दिसली, तर फडकें उचलण्यापूर्वीं पांच मिनिटें थांबावें. ती कोठून येते, कोठें जाते आणि कोण आहे, तें पाहावें. घरांत मुलें असल्यास त्यांच्या हातीं भिंग द्यावें. हें काम मोठ्यांपेक्षां तीं अधिक चांगलें करतात.